चाकणच्या दोन गाड्या, पिंपरीची एक: तिप्पट किमतीचा हिशेब

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की तासाभरात चाकण लागते. त्या औद्योगिक पट्ट्यात मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे, तिथून जीएलसी ही गाडी बाहेर पडते. त्याच पट्ट्यात महिंद्राचा कारखाना आहे, तिथून एक्सयूव्ही ७०० बाहेर पडत असे. आणि चाकणच्या अलीकडे, पिंपरीला, टाटा मोटर्सच्या आवारात सफारी तयार होते. एकाच जिल्ह्यात, जवळजवळ सारख्याच लांबीच्या आणि डिझेल इंजिनासह मिळणाऱ्या या तीन गाड्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पिढीची जीएलसी बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ७३.५ लाखांपासून सुरू झाली होती, तर उरलेल्या दोघींच्या वरच्या आवृत्त्या साधारण पंचवीस लाखांच्या आसपास राहिल्या आहेत. म्हणजे फरक तिपटीचा आहे, आणि तो कुठे जातो हे तपासणे मला आवश्यक वाटले, कारण हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला होता.

आमच्याकडे तीन वर्षांपासून डिझेल ऑटोमॅटिक एक्सयूव्ही ७०० आहे. बहिणीच्या घरी सहा आसनांची सफारी आहे. थोरल्या मामेभावाने जीएलसी २२० डी घेतली आणि ती मला चार दिवस वापरायला दिली, तेव्हा मी ती शहरात फिरवून थांबलो नाही. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागून नागपूरपर्यंत गेलो, परत आलो, आणि उरलेल्या दिवसात ताम्हिणी घाटातून कोकणात उतरून वर चढलो. हे दोन्ही रस्ते मी उरलेल्या दोन गाड्यांतूनही पूर्वी अनेकदा केलेले आहेत. शोरूमच्या माणसासोबत दहा मिनिटांची चक्कर मारून या वर्गातल्या गाड्यांबद्दल काहीही ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला अनुभव चाकणच्याच कोंडीत आला. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आता सर्वसाधारण गाड्यांतही आढळते, पण डिझेल इंजिन पुन्हा सुरू होताना जो हादरा बसतो त्यामुळे बहुतेक लोक ती सोय बंदच करून टाकतात. जीएलसीमध्ये ४८ व्होल्टची विद्युतप्रणाली आहे आणि इंजिन व गीअरबॉक्स यांच्याशी जोडलेली एक विद्युत मोटर आहे, जी २३ अश्वशक्ती आणि २०० न्यूटन मीटरपर्यंतचा जोर पुरवते. हीच मोटर इंजिन सुरू करण्याचे काम करते, त्यामुळे ब्रेकवरून पाय उचलताच गाडी पुढे सरकू लागते आणि इंजिन कधी जागे झाले ते कळतही नाही. अर्धा तास मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत या एका गोष्टीने थकवा किती कमी होतो, हे मी आधी मानले नसते. आमच्या गाडीत अशा रांगेत इंजिनाचा घोगरा सूर आणि स्टिअरिंगमधून जाणवणारी थरथर सतत सोबत असते; सवयीने आपण ती विसरतो, पण ती असते.

समृद्धीवर चढल्यावर हा फरक आणखी वाढला, आणि माझ्या मते तिप्पट किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा इथेच आहे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या रस्त्याने गाड्यांची परीक्षा घेण्याची पद्धतच बदलून टाकली आहे, कारण एकाच वेगाने तीन-चार तास सलग धावण्याची वेळ आपल्याकडे पूर्वी फारशी येत नसे. सिमेंटच्या पृष्ठभागावर टायरचा आवाज मोठा होतो. एक्सयूव्हीमध्ये शंभरच्या पुढे तो हळूहळू वाढत जातो, मागच्या आसनावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो, आणि जांबरगावच्या पुढे मोकळ्या माळावरून येणारा आडवा वारा लागला की स्टिअरिंग हलके हलके दुरुस्त करत राहावे लागते. जीएलसीमध्ये त्याच वेगाने आई मागे बसून हळू आवाजात फोनवर बोलत होती आणि मला पुढे तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. गाडीची उंची १,६४० मिलिमीटर आहे, म्हणजे एक्सयूव्हीपेक्षा ११५ मिलिमीटरने आणि सफारीपेक्षा १५५ मिलिमीटरने कमी. दोन्ही आसांमधले अंतर मात्र २,८८८ मिलिमीटर आहे, जे एक्सयूव्हीत २,७५० आणि सफारीत २,७४१ आहे. बुटकी आणि लांब बैठकीची गाडी वाऱ्याला आणि पुलांवरच्या सांध्यांना कमी जुमानते, एवढाच याचा सरळ अर्थ, आणि तो पाठीच्या कण्याला नेमका कळतो. नागपूरला पोहोचल्यावर मी थकलो नव्हतो. आमच्या गाडीने हाच प्रवास केल्यावर मला अर्धा तास आडवे पडावे लागते.

शक्तीच्या बाबतीत मात्र ही तफावत फार फसवी आहे. जीएलसी २२० डीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन १९७ अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन मीटर देते. एक्सयूव्ही ७०० चे २.२ लिटरचे डिझेल ऑटोमॅटिकसह १८५ पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आणि ४५० न्यूटन मीटर देते. सफारीचे दोन लिटरचे इंजिन १७० पीएस आणि ३५० न्यूटन मीटरवर थांबते. कागदावर पाहिले तर महिंद्राची गाडी मर्सिडीजच्या शेजारीच उभी आहे, आणि प्रत्यक्ष रस्त्यावरही मालमोटारीला ओलांडताना ती कुठेच कमी पडत नाही. फरक आहे तो ही शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते यात. जीएलसीचा नऊ वेगांचा गीअरबॉक्स आणि चारही चाकांना कायम मिळणारा जोर यांमुळे गाडी कोणतीही धडपड न करता वेग घेते, तर आमच्या सहा वेगांच्या ऑटोमॅटिकला अचानक जोर मागितला की ती क्षणभर विचार करते आणि मग एकदम झेपावते. सफारी या तिघींत सर्वांत संथ आहे, पण २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या नव्या आवृत्तीपासून तिला विद्युत स्टिअरिंग मिळाले आणि शहरात ती वळवणे पूर्वीपेक्षा पुष्कळ हलके झाले, हे आवर्जून सांगायला हवे.

ताम्हिणीत चित्र पालटले. पावसाळ्यानंतरचा रस्ता, काही ठिकाणी डांबर उखडलेले, वळणावळणांवर खडी पसरलेली. चारही चाकांना जोर असल्यामुळे जीएलसी ओल्या चढावर निर्धास्त होती. एक्सयूव्हीमध्ये ही सोय डिझेल ऑटोमॅटिकच्या काही वरच्या आवृत्त्यांत मिळत असे, आमच्या गाडीत ती नाही, आणि सफारी तर फक्त पुढच्या चाकांवरच चालते. पण खडबडीत पट्टा आला की जीएलसी चालवणाऱ्याच्या मनात धाकधूक सुरू होते. तिचे १९ इंची चाक आणि कमी जाडीचे टायर खड्ड्याच्या काठाला भिडले तर काय होईल, आणि त्या मापाचा टायर माणगावात किंवा महाडात मिळेल का, हे विचार घाटभर पाठ सोडत नाहीत. सफारीची चाल नेमकी इथे खुलते. टाटांनी लँड रोव्हरच्या डी८ या सांगाड्यावरून घडवलेल्या पायावर ती उभी आहे, आणि ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने खराब रस्त्यावरून जाताना ती ज्या शांतपणे खड्डे गिळते तशी त्या वेगात जीएलसीही गिळत नाही. मोठ्या दगडावरून चाक गेले तरी आतल्या माणसांचे बोलणे थांबत नाही. कोकणात ज्यांचे गाव आहे आणि जे वर्षातून सात-आठ वेळा घाट उतरतात त्यांनी हा मुद्दा किमतीच्या तक्त्याआधी वाचावा.

आता माणसांविषयी. कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्याने इंजिनापेक्षा आसनांचा विचार आधी करायला हवा, आणि आपल्याकडे शोरूममध्ये नेमके याच्या उलट घडते.

जीएलसी पाच जणांची गाडी आहे, आणि खरे सांगायचे तर चार जणांची. मागच्या आसनाच्या मधोमध जमिनीतून उंचवटा येतो, कारण मागच्या चाकांना जोर देणारा दांडा त्याखालून जातो. तिथे बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंना पाय पसरून बसावे लागते. चार जणांना मात्र ती राजासारखी वागवते. डिकीत ६२० लिटर जागा आहे, म्हणजे चौघांचे आठ दिवसांचे सामान बिनदिक्कत मावते. पण गणपतीला गावी निघताना आमच्या घरातून सहा माणसे निघतात, सोबत पूजेचे साहित्य, मखराचे भाग, नारळ, मुलांचे कपडे आणि परत येताना तांदळाची एक तरी गोणी असते. अशा वेळी पंचाहत्तर लाखांच्या गाडीने जायचे तर मागून दुसरी गाडी न्यावी लागेल.

एक्सयूव्हीमध्ये तिसरी रांग आहे, पण ती मोठ्यांची नाही. डाव्या बाजूचे मधले आसन एका खटक्यात उलटते आणि वाट मोकळी होते, मात्र बसल्यावर गुडघे वर येतात, मांड्यांना आधार राहत नाही, आणि कात्रज ओलांडेपर्यंतच धाकटा भाऊ कुरकुर करू लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती पुरते. सफारीची तिसरी रांग तिला मागे टाकते. मागे छत उंचावलेले असल्यामुळे डोके टेकत नाही, मागे बसणाऱ्यांना स्वतंत्र वातानुकूलनाच्या जाळ्या आहेत, आणि सहा आसनांच्या आवृत्तीत मधल्या दोन स्वतंत्र आसनांमधून सरळ मागे चालत जाता येते. बहिणीच्या गाडीत मी स्वतः पुण्याहून कोल्हापूरपर्यंत मागच्या रांगेत बसून गेलो आहे आणि माझी उंची पावणेसहा फुटांची आहे. तक्रार एकच, की तिसरी रांग उभी असताना तिच्यामागे दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही राहत नाही, त्यामुळे छतावर सामानाची जाळी लावावी लागते.

एका बाबतीत जीएलसीने मला चकित केले. आईचे गुडघे दुखतात. सफारीत चढायचे म्हणजे तिला दरवाजाची मूठ धरून स्वतःला वर ओढावे लागते, एक्सयूव्हीत थोडे कमी, आणि जीएलसीत ती खुर्चीवर बसावी तशी सरळ आत बसली. एसयूव्ही घेताना आपण उंच गाडीला मान देतो, पण घरात सत्तरीच्या पुढची माणसे असतील तर ती उंची रोजच्या चढउतारात त्रासाची ठरते, हे मी आमची गाडी घेताना लक्षात घेतले नव्हते. सफारी घेणाऱ्यांनी बाजूची पायरी बसवून घ्यावी.

रुंदीचाही एक मुद्दा आहे. जीएलसी आणि एक्सयूव्ही दोन्ही १,८९० मिलिमीटर रुंद आहेत, सफारी १,९२२ मिलिमीटर. सदाशिव पेठेत किंवा जुन्या सोसायट्यांच्या खांबांमध्ये हे तीन सेंटिमीटर मोजावे लागतात. आरसे मिटून गाडी आत घ्यायची आणि मग दार अर्धे उघडून अंग चोरत बाहेर पडायचे, ही बहिणीची रोजची कसरत आहे.

आतल्या मांडणीविषयी माझे मत कदाचित सगळ्यांना पटणार नाही. जीएलसीच्या मध्यभागी ११.९ इंचांचा उभा पडदा आहे, त्याचे चित्र अतिशय स्वच्छ आहे, पण वातानुकूलनापासून आसनाच्या तापमानापर्यंत जवळजवळ सर्व गोष्टी त्या पडद्यात गेल्या आहेत. स्टिअरिंगवरच्या कळाही स्पर्शाच्या आहेत आणि वळण घेताना तळवा लागून आवाज वाढल्याचे माझ्या हातून दोनदा झाले. सफारीत १२.३ इंचांचा पडदा असून खालच्या वातानुकूलनाच्या पट्टीवरही बराचसा स्पर्शाचाच कारभार आहे. तिघींत सर्वांत जुनी वाटणारी एक्सयूव्हीची मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण तापमान बदलायला खरी कळ दाबता येते आणि रस्त्यावरची नजर काढावी लागत नाही. चामडे, शिलाई, दार मिटतानाचा आवाज, कळांची घट्ट बसण यांत मात्र जीएलसीशी स्पर्धाच नाही. हात लावावा तिथे जाड आणि नीट बसवलेले साहित्य आहे, आणि पाच वर्षांनी यातली कोणती गाडी आतून कुरकुरणार नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांकडे पाहताना थोडे सावध राहायला हवे, कारण तिन्ही गाड्यांना पाच तारे आहेत आणि ते तारे एकाच तराजूत तोललेले नाहीत. जीएलसीला २०२२ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या युरोपीय संस्थेने पाच तारे दिले, प्रौढ प्रवाशांसाठी ९२ आणि मुलांसाठी ९० टक्के. एक्सयूव्हीला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले, पण तेव्हाची चाचणी आजच्यापेक्षा सोपी होती. सफारीची ग्लोबल एनकॅपची चाचणी २०२३ मध्ये, तोवर कठोर झालेल्या नियमांनुसार झाली, तिला प्रौढांसाठी ३४ पैकी ३३.०५ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४५ गुण मिळाले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्येही तिने पाच तारे मिळवले. त्यामुळे सुरक्षित गाडी हवी म्हणून परदेशी चिन्ह घ्यायलाच हवे, हा वीस वर्षांपूर्वी खरा असलेला युक्तिवाद आता टिकत नाही. जीएलसीचे ब्रेक मात्र वेगळ्याच दर्जाचे आहेत. ताशी १२० वरून जोरात दाबले तरी गाडीचे नाक खाली जात नाही आणि पायाखाली पूर्ण खात्री राहते. पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी आणि वेळेला स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा एक्सयूव्ही आणि सफारी या दोघींच्या वरच्या आवृत्त्यांत मिळू लागली, ही गोष्टही पंचवीस लाखांच्या वर्गात काही वर्षांपूर्वी कोणी कल्पिली नव्हती.

पैशांचा हिशेब शोरूम किमतीवर संपत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या तिन्ही गाड्यांवर जीएसटी सारखाच, ४० टक्के आहे, पण दर सारखा असला तरी रक्कम किमतीबरोबर वाढते. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल मोटारीला पासिंगच्या वेळी १५ टक्के कर लागतो. पंचवीस लाखांच्या गाडीवर तो पावणेचार लाख होतो, पंचाहत्तर लाखांच्या गाडीवर सव्वाअकरा लाख, म्हणजे एका चांगल्या हॅचबॅकच्या किमतीएवढा पैसा गाडी रस्त्यावर येण्याआधीच जातो. त्यावर विमा. त्यावर दर वर्षीची देखभाल, जी मर्सिडीजसाठी राज्यातल्या मोजक्या मोठ्या शहरांतच होते, तर महिंद्रा आणि टाटांची कार्यशाळा जिल्ह्याच्याच नव्हे तर अनेक तालुक्यांच्या गावीही सापडते. चार-पाच वर्षांनी विकायला काढल्यावर आलिशान गाडीची किंमत जितक्या वेगाने उतरलेली असते तितकी या दोघींची उतरत नाही, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात एक फेरी मारली तरी समजते. चाकणलाच जुळवली जात असली तरी जीएलसीचे पुष्कळसे भाग परदेशातून सीमाशुल्क भरून येतात, आणि त्याचा भार सुट्या भागांच्या बिलातही दिसतो.

ज्यांचे धावणे मुख्यतः शहरात आहे आणि डिझेल नको आहे त्यांच्यासाठी टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हा चौथा पर्याय आहे. तिची संकरित (हायब्रिड) आवृत्ती प्रमाणित चाचणीत लिटरला २३.२४ किलोमीटर देते आणि मागच्या दोन्ही रांगांत मोठी माणसे आरामात बसतात. घाटात ती वरच्या तिघींसारखी ठाम वाटत नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. पण आठवड्यातून पाच दिवस मुले, कार्यालय आणि बाजार एवढेच असेल तर ती पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मामेभावाचे मुलगे परदेशी आहेत, घरात तो आणि वहिनी दोघेच, आणि व्यवसायासाठी महिन्यातून दोनदा तो नागपूरला गाडीने जातो. त्याच्यासाठी जीएलसी योग्य आहे, आणि मी त्याला तसे सांगितले. समृद्धीवरचे आठ तास त्याच्या वयाला झेपतील अशी गाडी या तिघींत तीच आहे. बहिणीच्या घरी सासू-सासरे, दोन मुले आणि उन्हाळ्यात येणारी नणंद; तिच्यासाठी सफारीला पर्याय नाही, आणि पंचाहत्तर लाख हातात असते तरी मी तिला तीच घ्यायला सांगितली असती. आमची एक्सयूव्ही या दोघींच्या मध्ये उभी आहे: तिचे इंजिन चालवणाऱ्याला आनंद देते, तिची तिसरी रांग मुले मोठी होईपर्यंतच उपयोगाची आहे, आणि महामार्गावरचा आवाज कमी करण्यासाठी टायर बदलण्याच्या वेळी अधिक शांत टायर घालून पाहण्याचे मी ठरवले आहे.

गाडी पाहायला जाताना घरातली सगळी माणसे घेऊन जा. सर्वांत उंच माणसाला शेवटच्या रांगेत आणि सर्वांत वयस्कर माणसाला पुढे बसवा, डिकीत रिकाम्या का होईना पण दोन मोठ्या बॅगा ठेवा, आणि विक्रेत्याला शोरूमपासून जवळच्या घाटापर्यंत जाऊन येण्याची परवानगी मागा. पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट पुरेसा आहे; चढताना इंजिन कळते, उतरताना ब्रेक कळतात, आणि परतीच्या वाटेवर मागच्या रांगेतून कोणी काहीच बोलत नसेल तर मागे वळून पाहावे.